सांगून जाणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊ लघवीला जातानासुद्धा सांगून जायचे. बायकोला नव्हे, गिऱ्हाइकालाही नव्हे. नातीला.

"गार्गीबाई, मी मागच्या गल्लीत जाऊन राह्यलो. हात धुतो अन् येतो."

गार्गीबाईंचं वय तेव्हा दोन वर्षांच्या आसपास. त्या दुकानाच्या गादीवर बसून ब्लाउजपीसचा गठ्ठा उपसत असायच्या. त्या मान वर करून बघायच्या. मान हलली, की मनोहरभाऊ चपला घालायचे. नाही हलली, तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. समोर गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं असलं तरी हा कार्यक्रम व्हायचाच. आणि परत आल्यावर हजेरी वेगळी. "आलो बरं का, गार्गीबाई."

देवळीच्या बाजारओळीत त्यांचं कापडाचं दुकान, दुकानामागेच घर आणि दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं. मधली भिंत इतकी पातळ, की मी शिंकलो तर मनोहरभाऊ तिकडून "पाणी प्या" म्हणतात. त्यामुळे पुढे सांगतो ते मी मुद्दाम ऐकलेलं नाही. ते मला ऐकावं लागलेलं आहे.

मनोहरभाऊंना लहान मुलांची आवड होती असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं सुमनकाकूंना विचारावं. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. ती लहानाची मोठी झाली तेव्हा मनोहरभाऊ दुकानात होते. "पोरगी किती शिकली हे ह्यायले लग्नाच्या पत्रिकेत छापून आलं तवा समजलं," असं काकू चारचौघांत सांगत. मनोहरभाऊ त्यावर लट्ठा मोजत राहत. अशा वेळी त्यांचं माप एखाद बोट जास्त जाई. जाणत्या बायका ते ओळखून काकूंकडे मुद्दाम वैशालीची चौकशी करत.

तर वैशाली वर्ध्याला दवाखान्यात नर्स. नवरा पुण्याला कंपनीत, चार मित्रांबरोबर एका खोलीत. जागा मिळेपर्यंत वैशालीनं माहेरी राहायचं ठरलं. तिची रजा संपली तेव्हा गार्गी नुकती पावलं टाकायला लागली होती. कामाच्या पहिल्या सकाळी काकूंनी सगळी घरं करतात तेच केलं. लेकराला मागच्या अंगणात बकरी दाखवायला नेलं आणि वैशाली पुढच्या दारानं बस गाठायला निघून गेली. काम इतकं सफाईनं झालं की समोरच्या हॉटेलवाल्यानंही मान डोलावली.

गार्गी आत आली. रडली नाही. तिनं दारामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, मग रांगत दुकानात आली आणि गादीवरच्या साड्या एकेक करून उचलून त्यांच्याखाली बघायला लागली. मनोहरभाऊ एका गिऱ्हाइकाला पिकोचा भाव सांगत होते. ते मध्येच थांबले.

"माय शोधून राह्यली हे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून पोरगी कोणाला नजरेआड होऊ देईना. काकू स्वयंपाकघरात गेल्या की ही त्यांच्या पदराला. झोपेतही कोणाचं तरी बोट मुठीत हवं. दोन-तीन दिवस मनोहरभाऊंनी हे पाहिलं आणि एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून या घरातून चोरावानी कोणी जायचं नाई. जायचं तं तोंडावर सांगून जायचं."

दुसऱ्या सकाळी वैशालीनं दारात उभं राहून सांगितलं आणि ती गेली. मग जे झालं ते पोलीस ठाण्यापर्यंत ऐकू गेलं असावं.

"झालं समाधान?" काकू म्हणाल्या. "सांगून सांगून रडवता का लेकराले?"

"न सांगताही रडतेच ते. फक्त मंग दिवसभर पहारा देत बसते."

मनोहरभाऊ नातीला घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. ते तिला 'रडू नको' म्हणाले नाहीत, चिमणी दाखवली नाही, मोबाइल दिला नाही. नुसते म्हणत राहिले, "हाव. आई गेली. तुले राग आला. येऊ दे. संध्याकाळच्या बसनं येते ते." समोरचा हॉटेलवाला कळवळून जिलबी घेऊन आला. मनोहरभाऊंनी ती परत केली. "तिले आई पाह्यजे बाप्पा. जिलबी काऊन देता?"

ओळीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की मनोहरभाऊंचं डोकं फिरलं आहे. पण ते रडणं धुतलेल्या सुती कापडासारखं हळूहळू आखडत गेलं. पावसाळा सरता सरता पोरगी आईला दारापर्यंत सोडून, ओठ काढून, परत येऊन ब्लाउजपीस उपसायला बसू लागली. संध्याकाळी बसचा हॉर्न ऐकला की आपल्या चपला उलट्या घालून पायरीवर.

यश आलं की माणूस थांबत नाही. मनोहरभाऊंनी नियम सगळ्यांना लावला. मी चहाला निघालो तरी आधी शेजारच्या दुकानात डोकावून एका दोन वर्षांच्या बाईला वर्दी द्यावी लागे. एकदा एक गृहस्थ शर्टपीस घेऊन तसेच निघाले, तर मनोहरभाऊंनी त्यांना रस्त्यावरून परत बोलावलं. त्यांना वाटलं सुट्टे पैसे राहिले. "पैसे नाई," मनोहरभाऊ म्हणाले, "तुम्ही गार्गीबाईले टाटा नाई केला. ते अजून तुमच्याकडंच पाहून राह्यली."

दिवसाची घडीही बसली. तेल, आंघोळ, मऊ खिचडी, मग दुकानाच्या खिडक्या लावायच्या, खिडक्यांना "झोपा आता" म्हणायचं आणि झोळी. हा क्रम कोणासाठी बदलत नसे. झोळी दुकानातच टांगलेली. त्या वेळात कडक साडी उलगडायला बंदी, कारण ती वाजते. खादी आणि मलमल दाखवत.

लग्नाचा बस्ता घ्यायला एक कुटुंब आलं होतं, जीप भरून. दुकानात बघतात तर मालक नाही. गादीवर साड्यांचा डोंगर आणि समोर एक पोरगी हसून हसून लोळतेय. नवरीच्या आत्यानं डोंगरातली एक जांभळी साडी रंग आवडला म्हणून उचलली. खाली मनोहरभाऊ.

"कुऽऽक," ते आत्याला म्हणाले. मग भानावर येऊन, "बसा. काय दाखवू?"

बस्ता तिथेच झाला. आत्यानं ती जांभळी साडी मात्र घेतली नाही.

सर्वात गाजलं ते तळेगावचं लग्न. काकूंच्या भाच्याचं. मनोहरभाऊ झोळी, खिचडीचं पातेलं आणि तेलाची बाटली घेऊन गेले. मांडवाच्या दोन खांबांना झोळी बांधली. नेमकी तेव्हाच वरात आली. मनोहरभाऊ हात वर करून रस्त्यात उभे राहिले.

"बँड थांबवा. लेकराचा आत्ताच डोळा लागला."

बँडवाले सकाळपासून वाजवत होते. त्यांनी इतकी सुंदर आज्ञा आयुष्यात ऐकली नव्हती. ते तिथेच कडुनिंबाखाली बसले. नवरदेवाचे मामा संतापले, "मुहूर्त टळून राह्यला ना!"

"मुहूर्त सकाळीच टळला," मनोहरभाऊ शांतपणे म्हणाले. "तुमची पोट्टी नाचत होती तवा. आता थोडा टाइम हिले द्या."

वरात चपला वाजू न देता मांडवात शिरली. काकू त्यानंतर कितीतरी दिवस माहेरी फोन करत नव्हत्या.

आणि मग पुण्याला जागा मिळाली. वैशालीला तिकडे नोकरीही लागली. गार्गी तेव्हा तिसरं संपवत होती. ओळीत सगळ्यांचं एकमत झालं, की आता ही पोरगी हाय खाणार, आजोबांनी फार लळा लावून ठेवला आहे. हॉटेलवाल्यानं तर माझ्याकडे येऊन विचारलं, "म्हाताऱ्याचं काय होईन?"

मनोहरभाऊंनी तयारी सुरू केली. दुकानातल्या कपाटामागची जागा म्हणजे पुणं असं ठरलं. गार्गी रोज एक बोचकं घेऊन पुण्याला जायची. मनोहरभाऊ गादीवर, म्हणजे देवळीला. मग कैचीचं रिकामं खोकं कानाला लावून फोन.

"हॅलो, पुणं का? काय करून राह्यल्या गार्गीबाई?"

"भाजी."

"कायची?"

"वांग्याची. तुमी नोका येऊ. मीच येतो."

मी भिंतीपलीकडे आधार कार्डाच्या प्रती काढत असायचो. मशीन थांबवून ऐकावं असं त्यात काही नव्हतं, पण मी थांबवायचो.

जायच्या दिवशी काकूंचे गुडघे धरले होते, म्हणून त्या घरीच थांबल्या. सामान जास्त होतं, तेव्हा वर्धा स्टेशनपर्यंत मी गेलो. गार्गीला खिडकीची जागा मिळाली. तिनं बिस्किटाचा पुडा फोडला, समोरच्या बाकावरच्या मुलाला एक दिलं आणि खिडकीतून आम्हाला सांगितलं, "आबा, तुमी देवळीले जा. मी पुण्याले चालली." मग हात हलवला आणि परत त्या मुलाकडे वळली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"जिंकले तुम्ही, भाऊ," मी म्हणालो.

ते हसले. समाधानी दिसत होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष वैशालीकडे गेलं. ती आमच्याकडे पाठ करून नीट लावलेली बॅग पुन्हा पुन्हा नीट लावत होती. तिचे खांदे हलत होते.

मनोहरभाऊंचे हात जागच्या जागी लोंबत राहिले. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ते खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "वैशाली."

ती वळली नाही.

"तुले पाचवीत वर्ध्याच्या होस्टेलात ठेवलं तवा मी न सांगता आलतो. त्या बाई तुले जेवणाचा हॉल दाखवाले घेऊन गेल्या अन् मी निघून आलो. सांगतलं असतं तं तू रडली असती. मले पाहवलं नसतं ते."

काकूंनीही मला हे कधी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

वैशाली तोंड पुसून खिडकीशी आली. "तुम्ही निघून कुठं गेले होते, बाबा?"

"म्हणजे?"

"हॉलच्या खिडकीतून रस्ता दिसे. तुम्ही समोरच्या पानठेल्यापाशी उभे होते. अंधार पडेपर्यंत उभे होते. मी जेवलीच नाई. तुम्हालेच पाहत बसली."

मनोहरभाऊंनी विचारलं, "मंग आवाज काऊन नाई दिला?"

"मले वाटलं, आवाज दिला तं तुम्ही निघून जाल."

त्यांनी गजांमधून हात आत घातला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवता येत नव्हता त्यांना, अडाण्यासारखा ठेवला, केसांच्या क्लिपवरच. गाडी हलली तरी तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मीच दंड धरून त्यांना मागे ओढलं.