सरावाचं साक्षगंध

गोळाभात खाऊन आलेल्या प्राध्यापकांना जागं ठेवणं कुठल्याही डिजिटल साधनाच्या आवाक्याबाहेरचं काम. तरी सुशील नेटानं शिकवत होता. विद्यापीठाच्या संगणक कक्षात संशोधन आणि अध्यापनासाठी डिजिटल साधनांची कार्यशाळा चालू होती. सुशील तिचा प्रशिक्षक, पण वयानं इतका लहान की समोरच्या निम्म्या लोकांनी कधीतरी त्याचे पेपर तपासले होते.

"आता कॅलेंडरवर एक कार्यक्रम तयार करा," तो म्हणाला. "नाव, दिवस, ठिकाण, खाली दोन ओळींची माहिती. सकाळी जो गट बनवला तो पाहुण्यांच्या रकान्यात टाका. सराव आहे सर, काहीही लिहा."

शेजारच्या प्रीती मॅडमनी 'विभागीय बैठक' असं लिहिलं आणि जांभई दिली. गोपाळराव तिजारे मात्र की-बोर्डवर बोटं ठेवून तसेच बसून राहिले. गोपाळराव लोकसाहित्याचे प्राध्यापक. उभं आयुष्य गावोगावच्या ओसऱ्यांवर बसून बायांच्या तोंडची गाणी गोळा करण्यात गेलेलं. हळद लागतानाचं, तेल चढतानाचं, लेक सासरी निघतानाचं, सगळं पाठ. दुसऱ्यांच्या लेकींसाठी डोळे पुसून पुसून त्यांचे रुमाल विरले होते. स्वतःच्या घरी मात्र त्या विषयाला बंदी होती.

बंदी घातली होती त्यांच्याच मुलीनं. उन्नती रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. गेल्या दिवाळीत तिनं आईबापाला समोर बसवून सांगितलं होतं, "प्रबंध होतपर्यंत घरात माया लग्नाचं नाव काढाचं नाही. काढलं तं मी होस्टेलवर जाते." पोरगी बोलली म्हणजे करणार, हे गोपाळरावांना माहीत होतं, कारण तो हट्ट त्यांच्याच घराण्यातला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं आणि पाळलंही. पण न गायलेलं गाणं घशाशी येऊन बसतं, तसं ते सगळं आत साचत राहिलं होतं.

त्यात सुशील म्हणाला, काहीही लिहा.

गोपाळरावांनी लिहिलं : 'चि. सौ. कां. उन्नतीचे साक्षगंध'. साखरपुड्याचा दिवस येता रविवार. ठिकाण, राहते घर, सक्करदरा. खाली दोन ओळी भरायच्या होत्या, तर त्यांना ओवीच सुचली.

आंब्याच्या डहाळीले पानाआड एक पाड
लेक मागाले आलास, आधी अंगण तं झाड

ती त्यांनी दोनदा वाचली. डोळे भरून आले. सकाळी त्यांनी 'आपली माणसं' नावाचा गट केला होता, तो पाहुण्यांत टाकला. लहानपणी बहिणी भातुकली मांडायच्या, वाळूचा भात वाढायच्या आणि पाहुणे खोटं खोटं जेवून ढेकर द्यायचे, तसंच हे. वाळूचा भात कोणाच्या पोटात जात नाही. असं मनाशी म्हणत त्यांनी 'पाठवा' हे बटण दाबलं.

पहिला फोन बायकोचा आला.

"काहो," प्रेमिलाबाई फार शांतपणे म्हणाल्या, "आपल्या पोरीचं साक्षगंध आहे म्हणते. मले बोलावलं त्याबद्दल आभारी आहो."

गोपाळराव फोन हातानं झाकून टेबलाखाली वाकले. हा सराव आहे, खरं काही नाही, असं ते कुजबुजत सांगू लागले, पण बाईंनी पुढचंच विचारलं. त्या गटात उन्नती आहे का?

होती. आपली माणसं म्हटल्यावर पहिलं नाव तिचंच घातलं होतं.

तोवर पडद्याच्या कोपऱ्यात एकेक चिठ्ठी उगवू लागली. धरमपेठचे साडू 'येणार'. शेजारचे नानाजी 'सहकुटुंब येणार'. प्रीती मॅडमही त्याच गटात होत्या. त्यांची जांभई अर्ध्यावर थांबली आणि त्यांनी गोपाळरावांचा हात हातात घेऊन, छुपे रुस्तुम निघालात सर, असं सांगितलं. त्यांना खरं सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागलं असतं, आणि सगळ्या कक्षासमोर अडाणी ठरावं लागलं असतं. गोपाळराव नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मॅडमनी लगेच मागच्या रांगेला सांगितला.

एक चिठ्ठी अनोळखी होती. कोण्या पियुषची. या नावाचा माणूस गटात नव्हता. त्यानं लिहिलं होतं, 'सर, निमंत्रण वाचलं. घरी येऊन बोलायची परवानगी आहे का?' गोपाळरावांनी ओळखलं, हा फोटोवाला. कार्याचा वास या लोकांना कुठून लागतो कोण जाणे. पण इतका नम्र फोटोवाला त्यांनी पाहिला नव्हता, आणि घरी येऊ का विचारणाऱ्याला 'नको' म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, 'या.'

मग ते उठून सुशीलकडे गेले. समजा, त्यांनी विचारलं, एखाद्या माणसाकडून चुकून नको तो कार्यक्रम तयार झाला, तर त्यानं काय करावं?

"डिलीट करायचा सर. एकदम सोपं आहे."

एकदम सोपं होतंही. पण डिलीट करताना संगणकानं विचारलं, पाहुण्यांना कळवायचं का? गोपाळरावांना तो प्रश्न फार सुसंस्कृत वाटला. लोकांना बोलवायचं आणि मोडलं की कळवायचंही नाही, ही कुठली रीत? त्यांनी 'हो' म्हटलं. निरोपासाठी जागा होती, तिथं सवयीनं लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव रद्द. क्षमस्व.'

त्यानंतर जे फोन आले त्यात कोणी हसत नव्हतं.

साडूंनी सांगितलं की धीर सोडू नका. नानाजींनी विचारलं की मुलाकडच्यांनी काही मागितलं होतं का, नाव सांगा, आपण त्यांच्याकडे पाहून घेऊ. प्रीती मॅडमनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. आणि काटोलहून रुखमाआत्यांचा फोन आला. त्यांचं सगळं टपाल नातवाच्या, पिंटूच्या मोबाईलवर यायचं, आणि पिंटूनं निमंत्रण आणि रद्द ही दोन्ही त्यांना एका दमात वाचून दाखवली होती.

"पोरगा पेत होता का गा?" आत्यांनी विचारलं.

"नाही आत्या, पोरगाच नव्हता."

"म्हणजे फसवलं," त्या म्हणाल्या. "तू रडू नको. माया पाहण्यात एक आहे, संत्र्याची आडत आहे त्याची, सुपारीचं खांडबी खात नाही. फोटो घेऊन निघूनच राहिली मी."

"आत्या, तुमी कायले तरास..."

पण मागून कंडक्टरची घंटी ऐकू आली.

कार्यशाळेत पुढे काय शिकवलं ते गोपाळरावांना कळलं नाही. सुशील सांगत होता की हटवलेली गोष्ट परत कशी आणायची, आणि हे मनात फक्त एक होस्टेलची खोली पाहत होते. लोखंडी कॉट, भिंतीला टेकवलेली उन्नतीची बॅग, खिडकीत वाळत घातलेला तिचा पांढरा कोट. सगळ्यांचे फोन आले. तिचा एकटीचा आला नव्हता.

संध्याकाळी स्कूटर त्यांनी इतकी हळू चालवली की सक्करदऱ्याच्या तलावाशी एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं. पोरीला काय सांगायचं ते जुळवत जुळवत ते फाटकाशी आले आणि थबकले.

अंगणात एक लांबुळका पोरगा खराटा घेऊन कडुनिंबाची पानं झाडत होता. शर्ट इस्त्रीचा, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, बूट पायरीवर नीट लावून ठेवलेले.

मंडपवाला, गोपाळरावांनी ओळखलं.

"अगा, राहू दे," ते थकून म्हणाले. "मंडप नाही टाकाचा. रद्द झालं ते."

"माहीत आहे सर," पोरगा खराटा छातीशी धरून उभा राहिला. "रद्दचा निरोपही मिळाला. पण तुम्ही आधी 'या' म्हटलं होतं, म्हणून म्हटलं अंगण तरी झाडून घेऊ."

"तू कोण?"

"पियुष."

"फोटोवाला?"

दारातून कोणीतरी खुदकन हसलं. उन्नती चौकटीला टेकून उभी होती. हातात चहाचा ट्रे.

"फोटोवाला नाही, बाबा. मायाच लॅबमधला आहे. तुमचं निमंत्रण मी पाठवलं याले."

गोपाळरावांनी कपाळावर हात मारून घेतला. कबुलीजबाब तोंडपाठ होता, तो त्यांनी एका श्वासात म्हटला. सराव होता, वाळूचा भात होता, विषय काढायचा नव्हता, तू होस्टेलवर जाऊ नको.

"दुपारी मी लॅबमधी ते वाचलं," उन्नती म्हणाली. "आधी लय राग आला. मंग ती ओवी वाचली. आमचं ठरून दोन साल झाले बाबा, हे तुमाले कसं सांगाचं म्हणून मीच तो विषय बंद केला होता. तुमी काढला, तं मी 'येणार' म्हणून दाबूनच राहिली होती. आणि तुमी रद्द काहून केलं?"

गोपाळरावांना इतक्या बायांची इतकी गाणी पाठ, पण बापानं या जागी काय म्हणायचं ते एकीतही नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. रुखमाआत्या उतरल्या, काखेत संत्र्यांची थैली, मुठीत आडतवाल्याचा फोटो. त्यांनी झाडलेलं अंगण पाहिलं, पायरीवरचे बूट पाहिले, मग पियुषला खालून वर न्याहाळलं.

"हाच का गा तो मोडलेला?"

"नाही आत्या," गोपाळराव म्हणाले. "हा तं अजून झाडूनच राहिला."

आत्यांनी फोटो हळूच थैलीत संत्र्यांखाली सरकवला. गोपाळराव पायरीवर, त्या बुटांच्या शेजारी बसले. चहाचा कप हातात घेतला, आणि अंगणाच्या टोकाकडे बोट दाखवून पियुषला म्हणाले,

"त्या कोपऱ्यात राहिलं गा थोडं."