रुपाशिवायची मॅच

एका पोरीच्या जिवावर अख्खी टीम चालते, हे मला कधीच मान्य नव्हतं. टीम चालते ती कप्तानाच्या डोक्यावर! आणि वाशिमला आमच्या मुलींच्या शाळेच्या बास्केटबॉल टीमची कप्तान होते मी, रुखमा! महिन्यापूर्वीच झाले होते, त्यामुळे डोकं जरा जास्तच चालत होतं.

लोक मात्र नाव घ्यायचे रुपाचं. रुपा मेडशीजवळच्या तांड्यावरची, वाशिमला मामाकडे राहून शिकायची. उंची एवढी, की शाळेच्या घड्याळाला चावी द्यायला शिपाई तिलाच बोलवायचा. मैदानावर ती निंबाखाली उभी राहायची. आम्ही बॉल तिच्याकडे फेकायचा, ती हात वर करायची, की बॉल कड्यातून खाली! बस, एवढीच आमची विद्या. कडं म्हणजे लोहाराकडून करवून घेतलेलं लोखंडी कडं, निंबाच्या खोडाला ठोकलेलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तसंच कडं हवं, हे सगळ्यांना माहीत होतं. ते करायला वर्षभर कोणाला सवड झाली नव्हती.

बॉलही एकच. आणि त्याच्यावर मुलांच्या शाळेचा डोळा! “पोरींना काय करायचाय बॉल?” असं तिथल्या मास्तरांचं म्हणणं. शेवटी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमास्तरीणबाईंनी, प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, “शनिवारी कारंज्याच्या मुली येताहेत. त्यांनी तुम्हाला हरवलं, तर सोमवारी बॉल मुलांच्या शाळेत जाईल.”

अन् गुरुवारी रुपा माझ्याकडे आली.

“रुखमे, शनिवारी माह्या बहिणीचं लगन हाये. मॅच सोमवारी ठेवता येते का, इचार ना बाईले.”

“कायले इचारू?” मी म्हणाले. “तू बिनधास्त जाय. पोटभर जेव. तुह्याबिगर जितून दाखवतो!”

शेजारी उभ्या आमच्या टीममधल्या मेहरबीनं कपाळावर हात मारला. “या अल्ला! रुखमे, पागल झाली का वं?”

“मी कप्तान हाये का तू?”

रुपा गेली लग्नाला!

शनिवारी सकाळी कारंज्याच्या मुली मोटारीतून उतरल्या. पाय जमिनीला लागायच्या आत त्यांच्या कप्तानानं विचारलं, “तुमची ते उंच पोरगी कोठी हाये?”

“नाही आली.”

“नाही आली?” तिचा चेहरा असा पडला, जसं काही तिचंच कोणी दगावलं! नंतर कळलं, महिनाभर त्यांनी एकच गोष्ट घोकली होती. रुपाला तिघींनी घेरायचं आणि हात वर करायचे. दुसरं काही म्हणून शिकल्याच नव्हत्या!

मैदानाच्या त्या टोकाला आदल्या दिवशीच एक सागाचा खांब रोवून दुसरं कडं लावलं होतं. पहिल्या डावात आम्ही बॉल निंबाच्या कड्यात टाकायचा, कारंज्याच्या मुलींनी खांबाच्या. शिट्टी वाजली! मेहरबीनं बॉल घेतला, दोघींना चुकवलं आणि फेकला जोरात निंबाखाली, रुपाच्या जागेवर. तिथं कोण? एक शेळी! ती बें करून पळाली ती थेट हापिसात!

“डोळे फुटले का वं?” मी ओरडले.

आणि पुढच्याच मिनिटाला मीही तिथंच फेकला! काय करणार, हात आपोआप तिकडेच वळायचा. चारदा फेकला, पाचदा फेकला. वारा काही झेलत नव्हता!

कारंज्याच्या पोरींची तऱ्हा तर विचारूच नका! रुपा आली नाही यावर त्यांचा विश्वासच बसेना. आम्ही तिला कुठंतरी दडवून ठेवलंय, या धास्तीनं त्यांचा एक डोळा सारखा फाटकाकडे. तेवढ्यात आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या धुरपताबाई घागर घेऊन कडेनं निघाल्या. बाई उंच! झालं! तिघी धावल्या आणि धुरपताबाईंना घेरून हात वर करून उभ्या!

“अवं पोरीहो, सरका ना! घागर फुटन माही!”

सरकायलाच तयार नाहीत! धुरपताबाई डावीकडे गेल्या की त्या डावीकडे. पंच असलेल्या आमच्या ड्रिलच्या बाईंना शिट्टी वाजवून वाजवून धाप लागली.

पहिला डाव शून्य-शून्य. मग बाजू बदलल्या. “आता आपण खांबाकडे, त्या निंबाकडे,” ड्रिलच्या बाईंनी आम्हाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली. कप्तानाला काय सांगायचं!

दुसरा डावही तसाच कोरडा चालला होता. शेवटचं मिनिट उरलं आणि बॉल आला माझ्या हातात! समोर निंब. आणि चमत्कार बघा, कारंज्याची एकही पोरगी मला अडवेना! उलट बाजूला होऊन वाट करून द्यायला लागल्या. माझा दरारा, दुसरं काय!

“रुखमे! अवं रुखमे!” मेहरबी मागून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. मला हुरूप आला. उडी मारली, बॉल फेकला, आणि गेला की कड्यातून! जन्मात पहिल्यांदा!

मी दोन्ही हात वर करून नाचायला लागले. कारंज्याची कप्तान धावत आली आणि तिनं मला कडकडून मिठी मारली. मनात म्हटलं, वा! खेळाडू असावं तर असं!

मग लक्षात आलं, आमच्या शाळेचं कोणीच टाळी वाजवत नाही. ड्रिलच्या बाई मटकन खाली बसल्या होत्या. मेहरबीचा जबडा उघडा तो उघडाच. आणि फळ्यावर खडूनं आकडे लिहिले गेले: कारंजा दोन, वाशिम शून्य!

घरी कशी गेले, कोणाला विचारू नका. रविवारी जेवण गेलं नाही. बॉल गेला! माझ्या हातानं गेला!

सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच मुलांच्या शाळेचा शिपाई बाबूलाल पोतं घेऊन दारात हजर. रुपाही तेव्हाच आली, हातावर मेंदी तशीच.

“हारले का?” तिनं विचारलं.

“दोन-शून्य,” मेहरबी म्हणाली.

“कोणं टाकला वं?”

अख्ख्या शाळेची बोटं माझ्याकडे! मी जमिनीकडे.

रुपा हसली नाही. सरळ मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. “बाई, कारंज्यानं हरवलं तर बॉल जाईन, असंच म्हनलं होतं ना तुमी?”

“हो. मग?”

“मंग कारंज्यानं कुठी हरवलं? त्यायनं तर एकबी नाही टाकला. आमाले रुखमानं हरवलं!”

मोठ्या बाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं पदर खाली आला. “बाबूलाल, पोतं रिकामंच घेऊन जा. मास्तरांना म्हणावं, बॉल इथंच राहील.”

मैदानावर नसतानाही बाजी रुपानंच मारली, आता बोला! मी अजून कप्तान आहे बरं का. फक्त दर मॅचला दुसरा डाव सुरू व्हायच्या आधी रुपा येते, माझे दोन्ही खांदे धरते, मला गर्रकन फिरवून कुठल्या कड्याकडे तोंड करायचं ते दाखवते, आणि मगच बाई शिट्टी वाजवतात.