पुठ्ठ्याच्या स्टेशनाचा भोगवटा दाखला

प्रत्येक इमारत आधी कागदावर उभी राहते आणि मग जमिनीवर. ज्या इमारतींना शिस्त असते त्या कागदावरच थांबतात.

हे सत्य साहेबांना बांधकाम परवानगी खात्यात एकतीस वर्षं काढल्यावर उमगलं. (या काळात त्यांच्या टेबलावरून एकही नकाशा पहिल्या खेपेला पास झाला नाही. निरोपाच्या भाषणात हे कुणीतरी बोलून दाखवलं, तेव्हा साहेबांचे डोळे पाणावले.) निवृत्तीनंतर रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर छोटी रेल्वे मांडली. रूळ, गाडी आणि प्लॅस्टिकची माणसं विकत आणली, पण इमारती स्वतःच्या हातांनी घडवायचं ठरवलं. तयार घरं आणून चिकटवणं म्हणजे जागा न बघता सही ठोकणं, असं त्यांचं मत होतं.

आणि हात काय सांगावा! पुठ्ठा कापावा तर साहेबांनीच. आइसक्रीमच्या काड्यांची दारं, शर्टाच्या खोक्यातल्या पारदर्शक कागदाची तावदानं, पन्हळी पुठ्ठ्याचं छप्पर. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं, चिमट्याने बसवलेलं. आठवड्यात स्टेशनाच्या चार भिंती तयार झाल्या. आता फक्त उभ्या करून डिंक लावायचा होता. तेवढ्यात साहेबांच्या मनात आलं, परवानगी घेतली का?

त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला आणि स्वतःच त्यात त्रुटी काढल्या. गावाची लोकसंख्या अकरा (पैकी चौघे कारखान्यातूनच बसलेले आलेले), मग स्वच्छतागृहं दोनच कशी? आग लागली तर पळायला दुसरं दार कुठाय? बंब वळणार कुठून? हरकती व सूचना मागवणारी नोटीस फ्रिजवर लागली. मुदतीत एकच हरकत आली, बायकोची: "दोन वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतोय." ती विषयाला धरून नसल्याने निकाली काढण्यात आली.

परवानगी नाही तोवर स्टेशन नाही, आणि स्टेशन नाही तोवर गाडी सुटणार नाही, असा साहेबांचा नियम. पण सात वर्षांच्या नातीला त्यांनी शब्द दिला होता. ती सुट्टीत आठ दिवस यायची. दोन सुट्ट्या ती गाडी न बघताच परत गेली होती. गेल्या खेपेला बॅग पाठीवर घेऊन दारात थांबली आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी नक्की ना?" साहेब "नक्की" म्हणून गेले. हा शब्द त्यांनी नोकरीत कधी वापरला नव्हता, त्यामुळे वर्षभर तो त्यांना सलत राहिला.

यंदा ती रविवारी सकाळी निघणार होती. शनिवारी दुपारी फाईल नवव्या त्रुटीवर अडलेली. (फलाटाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही.) त्रुटीवर विचार करण्यासाठी साहेब जरा आडवे झाले आणि चांगले घोरायला लागले.

जाग आली ती घरघर ऐकून. टेबलावर गाडी फिरत होती! रुळांशेजारी टूथपेस्टचं खोकं आडवं टाकलेलं, त्यावर स्केचपेनने काढलेलं दार, तेही वाकडं. नात बटण धरून उभी होती आणि आजी तोंडाने शिट्टी वाजवत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

"स्टेशन बांधलं," आजी म्हणाली. "पाच मिनिटं लागली, अहो."

"विनापरवाना?"

"आजोबा, बघा ना, आता थांबवते हं!" गाडी बरोबर खोक्यासमोर थांबली. नातीने उडी मारली.

खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत साहेबांना इतका आनंद झाला नव्हता. त्यामुळेच ते घाबरले आणि त्यांनी घाईघाईने पेन उचललं. सदर खोकं अनधिकृत असून ते आपण स्वखर्चाने का पाडू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा. तीस दिवस लिहिताना त्यांचा हात थबकला. नात उद्या जाणार. म्हणजे ती असेपर्यंत त्या खोक्याला कायद्याने कुणी बोटही लावू शकत नव्हतं, खुद्द साहेबसुद्धा! त्यांनी नोटीस बजावली, नातीची पोच घेतली (सहीशेजारी इंजिनाचं चित्र), आणि खुर्ची ओढून म्हणाले, "आता एक फेरी मला सोडू दे."

नात दुसऱ्या दिवशी हसत गेली. तीस दिवसांनी मुदतवाढ झाली. मग सुनावणी लागली, तिला साहेबच गैरहजर राहिले. आज खोक्यावर साबणाच्या खोक्याचा मजला चढलेला आहे आणि आजी तिसऱ्याच्या विचारात आहे. कायदेशीर स्टेशनाच्या चार भिंती कपाटात आडव्या पडून आहेत. त्यांची फाईल चौदाव्या त्रुटीवर आहे.

हसू येत असेल तर बेलाशक हसा. मग एकदा मान वळवून, काचा लावून खोलीत घेतलेल्या आपल्या गॅलरीकडे बघा. ती मंजूर नकाशात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक होतं. तिची तीस दिवसांची नोटीस त्यांनीच काढली होती, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा तिथे बसून चहा पिताना या खात्याला ज्या शिव्या घालता, त्या जरा हळू घाला.