बाहेरून घेतलेलं माप

घराच्या पुढच्या खोलीतच थाटलेल्या दुकानातल्या कापणीच्या टेबलावर त्या दिवशी कापडाऐवजी कॉम्प्युटरचा डबा आडवा पडला होता आणि मास्तर गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेत होते. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला मात्र आपल्या पँटची काळजी पडली होती.

"मास्तर, काल देणार होता ना?"

"उद्या," मास्तर मान वर न करता म्हणाले. "अगदी नक्की."

शिंप्याचा 'उद्या' कसा असतो हे ठाऊक असल्यामुळे गिऱ्हाईक आल्या पावली निघून गेलं. मास्तरांपुढे पँटीपेक्षा मोठा प्रश्न होता. त्यांची अब्रू पणाला लागली होती.

त्याचं असं झालं. मास्तरांच्या मेहुण्याचं लग्न ठरलं आणि घरचा भावोजी शिंपी असताना या पठ्ठ्यानं रेडिमेड सूट घ्यायचं जाहीर केलं. वर म्हणतो कसा, "भावोजी, तुमचा सूट शिवून होईपर्यंत माझी पोरं शाळेत जायला लागतील!"

मास्तरांचं पित्त खवळलं. दोघंही आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर एकमेकांशी गाड्यांची शर्यत खेळत. मास्तर म्हणाले, "रविवारी होऊन जाऊ दे. मी जिंकलो तर सूट माझ्या हातचा घालायचा."

"आणि हरलात तर?"

"तर तुझ्या लग्नात मी रेडिमेड सूट घालून येईन!"

बायकोनं कपाळाला हात लावला. जन्मात दुसऱ्याच्या हातचा टाका अंगाला लागू न दिलेला हा माणूस!

अडचण एकच होती. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर खेळ अडखळायचा. गाडी वळणावर आली की चित्र गचके खायचं आणि मागे पडायचं. पडद्यावरचं चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय, असं निदान मास्तरांनी केलं.

"अहो, पण घराच्या रंगकामाआधी बरा चालायचा की," बायको म्हणाली. "तेव्हा डबा हलवला होता. वायरी तुम्हीच परत लावल्यात."

"वायर ती वायर. त्यात काय चुकायचंय?"

कार्डाच्या दुकानात मास्तर गेले ते एखाद्या लग्नाचा बस्ता बांधायला जावं तसे. दुकानदारानं एक मधल्या आकाराचं कार्ड पुढे केलं. "तुम्हाला हे पुष्कळ झालं."

"ते तीन पंख्यांचं दाखवा."

"लांब आहे ते. डब्यात जागा किती आहे?"

मास्तरांनी माप तोंडपाठ सांगितलं.

"नक्की ना?"

"अहो, माझं माप आजवर चुकलेलं नाही!" मास्तर असे काही कडाडले, की दुकानदारानं मुकाट्यानं खोकं बांधलं.

घरी जुनं कार्ड काढताना मेहुणा नेमका टपकला. "टाकून देणार असाल तर मला द्या, भावोजी."

"ने बाबा. म्हातारं आहे, सांभाळून वापर," मास्तर उदार होऊन म्हणाले.

मग नवं कार्ड आत सरकवायला घेतलं आणि ते दोन बोटं बाहेर राहिलं. माप खरोखरच चुकलं नव्हतं. पण शिंपी माप घेतो ते बाहेरून, कारण माणूस आत असतो. इथे कार्डाला आत जायचं होतं, आणि मास्तरांनी मोजली होती डब्याची बाहेरची लांबी.

"परत द्या आणि मधलं आणा," बायको म्हणाली.

"माप चुकलं म्हणून कबूल करू? अंगात तंग झालं की शिवण उसवायची, एवढंच असतं!" असं म्हणून त्यांनी पत्रा कापायची कात्री आणली आणि डब्याच्या आतली एक आडवी पट्टी उसवली. कार्ड बसलं, पण डब्याचं झाकण बसेना. उघडा ठेवावा तर दुकानातले धागे आणि धूळ आत जाणार. मास्तरांनी अस्तर लावून, काजं-बटणं करून डब्याला अशी देखणी खोळ शिवली, की नवरदेवानं घालावी. कॉम्प्युटर त्या खोळीत गुदमरला, तापला आणि बंद पडला. मास्तरांनी खोळ फाडली आणि जाळीच्या कापडाची दुसरी शिवली. या धांदलीत पँटवाला पुन्हा येऊन आणखी एक 'उद्या' घेऊन गेला.

रविवार उजाडला. मास्तरांनी खेळ सुरू केला आणि पहिल्याच वळणावर चित्रानं गचका खाल्ला, अगदी पूर्वीसारखा. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"तयार ना, भावोजी? तुमचं ते जुनं कार्ड काय पळतंय हो! कोण म्हणतं म्हातारं?"

टेबलामागे पडलेली सुई शोधायला बायको वाकली होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, कार्ड इथे खाली आहे ना? मग पडद्याची वायर त्या वरच्या भोकात कशाला खुपसलीय?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. रंगकामापासून पडद्याची वायर कार्डाऐवजी डब्याच्या स्वतःच्या भोकात होती, आणि धडधाकट जुनं कार्ड वर्षभर रिकामं बसून होतं. ते आता त्यांनी स्वतःच्या हातानं शत्रूला दिलं होतं. त्यांना रडूच कोसळलं असतं, पण शर्यत पुढ्यात होती. बायकोनं वायर खालच्या भोकात लावली आणि चित्र लोण्यासारखं सरकू लागलं.

"आता बघतोच त्याला!" मास्तर दात-ओठ खात म्हणाले.

गाडी सुसाट निघाली. मेहुणा मागे पडला. शेवटचं वळण आलं. चित्र मागे राहतं म्हणून हात जरा आधीच वळवायची सवय मास्तरांना वर्षभरात लागली होती. आज चित्र वेळेवर आलं आणि हात सवयीनं आधी वळला. जन्मभर गिऱ्हाइकांना उशीर करणारे मास्तर नेमके त्या दिवशी वेळेआधी पोचले, तेही भिंतीवर. मेहुण्याची गाडी हात हलवल्यासारखी शेजारून निघून गेली.

शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी मास्तर बायकोबरोबर रेडिमेडच्या दुकानात आरशापुढे उभे राहिले. सूट बरा होता, नुसत्या बाह्या दोन बोटं लांब होत्या.

"काही काळजी करू नका, साहेब," विक्रेता म्हणाला. "पुढच्या चौकात एक मास्तर आहेत. हात सोन्याचा आहे त्यांचा, बाही अशी बसवतील की बघत राहाल. फक्त एक सांगतो, हल्ली वेळेवर देत नाहीत. दुकानात कॉम्प्युटर उसवून बसलेले असतात, म्हणे."

बायकोनं पदरानं तोंड झाकून घेतलं. मास्तरांनी सूट काढला, घडी घातली आणि पिशवी काखेत मारली.

"देतील," ते ठामपणे म्हणाले. "आधी एक पँट द्यायची राहिलीय त्यांची. ती झाली की लगेच देतील."