नदीकाठची मुलगी पाहिजे

जालन्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर चित्रपट दाखवण्यात आला आणि उपस्थित बासष्ट जणांपैकी एकसष्ट जण रडले. बासष्टावे बद्रीनाथभाऊ, ते प्रोजेक्टर सांभाळत होते, त्यामुळे त्यांना सवड मिळाली नाही. चित्रपट साधाच होता. नदीपलीकडे शाळा, अलीकडे एक गरीब मुलगी, आणि तिला हाताला धरून पार नेणारं कुणी नाही. शेवटी एक अनोळखी माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा तर पाळकसाहेबांनाही चष्मा काढावा लागला.

मग साक्षी सुरू झाल्या. प्रभूनं आपल्या मनात काय केलं, ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, असा मंडळीचा रिवाज. कुणाचं काळीज फाटलं होतं, कुणी आता पूर्वीचा राहिला नव्हता. हे सव्वादोन तास चाललं आणि सत्यशीलाबाईंनी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढल्यामुळे, ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची धारणा होती. स्वतः त्या दोनदा रडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून.

त्याच बैठकीत अकरा जणांची करुणा समिती नेमण्यात आली. सत्यशीलाबाई सचिव झाल्या. समितीचं काम एकच: तशी एक मुलगी शोधून तिला शाळेत पोचवणं.

मुलगी बाईंना दुसऱ्याच दिवशी सापडली. अंबड रस्त्याला एक वीटभट्टी होती आणि रस्त्याच्या बरोबर पलीकडे शाळा. भट्टीवर शिवकन्या नावाची आठ वर्षांची पोर होती. गुरुजी नाव घालायला तयार होते, आई पाठवायला तयार होती, आणि पोर तर केव्हाची वेण्या घालून तयार होती. पण मधल्या रस्त्यावरून लोखंडी सळ्यांचे ट्रक सुसाट जायचे आणि आईबाप दोघंही पहाटेपासून गाऱ्यात.

"सकाळच्या पारी कुणी हाताला धरून पार केलं तरी बस्स आहे, बाई," आई म्हणाली. "संध्याकाळी मी आणीन जाऊन."

"एवढंच ना? मी आणते की माणूस," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्यांना भरून आलं. तेव्हाच त्या पोरीचा हात धरून निघाल्या असत्या, पण समितीचा ठराव झालेला नसताना परस्पर दया करणं त्यांना नियमबाह्य वाटलं.

समितीत पहिलीच अडचण निघाली. "नदी कुठं आहे?" बद्रीनाथभाऊंनी विचारलं.

"नदी न्हाई. रस्ता आहे."

"मंग कसं जमंल, बाई? लोक नदी पाहून रडले. सगळ्या साक्षी नदीच्या आहेत. उद्या कुणी विचारलं, नदी कुठाय, तर काय दाखवता?"

"कुंडलिका नदीच्या काठी पाहा की एखादी," एका सदस्यानं सुचवलं.

"तिच्यातून तर पोरं चप्पल न भिजवता जाऊन राह्यले."

शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. नदी आडवी येणं म्हणजे काय, हे समितीनं आधी अनुभवावं. शनिवारी सकाळी शहागडला जाऊन गोदावरी पाहावी आणि मग निर्णय घ्यावा. ठराव एकमतानं मंजूर झाला. सत्यशीलाबाईंनी भट्टीवर निरोप धाडला: शनिवारी येत आहोत.

शनिवारी दोन जीप निघाल्या. वाटेत पाळकसाहेबांनी बायबलातली, परक्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. जखमी माणूस रस्त्यात पडलेला. मंदिरातला याजक, म्हणजे पुजारी, आला, त्यानं पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. "काय ही माणसं!" सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. तेवढ्यात बद्रीनाथभाऊंना शाळेशेजारी चहाची टपरी दिसली. जीप अलीकडे, भट्टीपाशी थांबल्या, आणि अकरा जण चहासाठी रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

एक पाऊल पुढे, दोन मागे, असं बराच वेळ चाललं. ट्रक काही थांबेनात. इतक्यात सत्यशीलाबाईंच्या हातात एक छोटासा हात आला.

"आल्या का, बाई? चला," शिवकन्या म्हणाली. पाठीला दप्तर होतं. "सगळे एकमेकाचे हात धरा. सोडू नका."

तिनं दुसरा हात वर केला, ट्रक करकचून थांबला आणि करुणा समिती माळेसारखी रस्त्यापार गेली.

"अगं, मंग तू एकटी का जात न्हाईस?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एकट्या लेकराला न्हाई थांबत गाड्या. मोठं माणूस संगं लागतं."

चहा झाला. शाळेत प्रार्थना सुरू झाली. शिवकन्या फाटकाकडे वळली, तशी बद्रीनाथभाऊंनी हाक मारली. जीप पलीकडे राहिल्या होत्या. "बाळा, जरा आम्हाला सोडून दे ना."

पोरीनं फाटकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "पाचच मिनिटं, बेटा," बाई म्हणाल्या.

तिनं सगळ्यांना अलीकडे आणलं. जीप सुरू झाल्या. "आणि मी?" तिनं विचारलं.

"आम्ही आधी नदी पाहून येतो," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि जीपच्या मागच्या काचेतून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

शहागडच्या पुलावर अहवाल तयार झाला. 'सदर मुलगी रस्ता ओलांडण्यास सक्षम असून, अकरा प्रौढांनाही दोन वेळा सुखरूप पार नेते. सबब ती करुणेस अपात्र आहे.' लिहिता लिहिता बाईंनी हाताकडे पाहिलं. बोटांना भट्टीची लाल माती लागली होती. गोदावरीकाठी रडू आलं तर असावा म्हणून आणलेल्या रुमालानं त्यांनी ती पुसून टाकली.

लोकाग्रहास्तव तो चित्रपट येत्या रविवारी पुन्हा दाखवणार आहेत. आपणही अवश्य यावं. हे वाचताना आपला गळा दाटला असेल, तर तीही साक्ष म्हणून लिहून घेतली जाईल. फक्त येताना अंबड रस्त्यानं येऊ नका. तिथं सकाळी एक पोर वेण्या घालून उभी असते, हात पुढं करते, आणि उगाच आपल्याला उशीर होतो.