झाकण उघडायचं नाही

ताईंनी चिकनचा पहिला तुकडा तोंडापर्यंत नेला, क्षणभर थांबल्या आणि परत ताटात ठेवला. मग चमच्याने तो उलटा करून पाहिला. आतून तो चांगला गुलाबी होता.

"हिला अंगणात सोडलं तर अजून दाणे टिपेल," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी मान खाली घातली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त ग्रंथपाल. सगळी नोकरी लोकांना गप्प करण्यात गेल्यामुळे त्यांच्या हातातला चमचासुद्धा ताटावर वाजत नसे.

"वन्सं, द्या इकडे. परत ठेवते गॅसवर," घड्याळजींची बायको म्हणाली.

"राहू दे. एकदा झाकण उघडलं की संपलं. आईचं म्हणणं विसरलीस?"

ते कोणीच विसरले नव्हते. या घरातल्या रविवारच्या चिकनमध्ये कांदा, लसूण, मिरी आणि मीठ याखेरीज काही पडत नसे. बाकी सगळी करामत झाकणाची. पाणी घालून झाकण ठेवले की गॅस बंद होईपर्यंत ते उचलायचे नाही, डोकवायचे नाही, टोचून बघायचे नाही. का, ते आईने कधी सांगितले नाही. कारणे देणाऱ्यांतली ती नव्हतीच.

हात धुऊन झाल्यावर ताईंनी निकाल दिला. "पुढच्या रविवारी येते. तेव्हाही असंच झालं, तर आईचं पातेलं मी घेऊन जाईन. तिथून पुढे रविवारचं जेवण माझ्याकडे."

ताईंच्या हातचे चिकन घड्याळजींनी खाल्ले होते. त्यापेक्षा दुकानातले घड्याळांचे चामडी पट्टे रसाळ लागले असते. आठवडाभर ते डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करत, ती या एका पातेल्याच्या भरवशावर. आता उरलेल्या आयुष्यातले सगळे रविवार डोळ्यांपुढे कोरडे पडताना दिसू लागले.

ताईंची पावले जिन्यावरून उतरून गेल्यावर त्यांनी विचारले, "अगं, झालं काय आज?"

"वरचे भांडले नाहीत."

"त्याचा काय संबंध?"

बायकोने आधी खिडकी लावून घेतली. "तुमची आई होती तोवर चिकन तीच करायची. ती गेली आणि वरती ते दोघं राहायला आले. दर रविवारी भांडतात. पलंगावर ओला टॉवेल दिसला की ती सुरू होते, तेव्हा मी कांदा टाकते. तो तिच्या आईवर घसरला की कांदा लाल झालेला असतो, मग चिकन आणि पाणी घालून झाकण ठेवते. तिनं दार आपटलं की गॅस बारीक. मग तो बंद दाराबाहेरून माफी मागत बसतो, त्यात चिकन शिजतं. दोघं हसली की बंद."

"आणि आज?"

"आज टॉवेलच निघाला नाही. वाट बघून बघून मी आपली अंदाजानं सुरुवात केली, झाकण ठेवलं, आणि वरती दोघं एकदम हसली. भांडण नाही, काही नाही, नुसतीच हसली. माझा हात सवयीनं गॅसवर गेला."

"तू चिकन दुसऱ्यांच्या भांडणावर शिजवतेस?"

"मग कशावर शिजवू? घड्याळावर?"

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिले. भिंतीवर, कपाटावर, फ्रिजवर, खिडकीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांची घड्याळे होती आणि प्रत्येकाचे मत वेगळे होते. तेवढ्यात एकातून लाकडी पक्षी बाहेर आला, कोणी बघते आहे असे पाहून न ओरडताच आत गेला.

"सांगा ना, आत्ता किती वाजलेत?"

त्यांनी मनगट वर केले. पण तेही गिऱ्हाइकाचेच घड्याळ होते, चालवून बघायला घातलेले. त्यांनी बाही खाली ओढली.

मात्र हा माणूस हार मानणारा नव्हता. एक घड्याळ बरोबर लावणे त्यांना अवघड नव्हते. अडचण वेगळीच होती. भांडण किती वेळ चालते, हे कुणी मोजलेच नव्हते. एकदा मोजले की काम झाले. त्यासाठी फक्त एक भांडण हवे होते.

शनिवारी संध्याकाळी ते वर गेले. वरचा माणूस गाडी चालवायला शिकवायचा आणि त्याची बायको दातांची डॉक्टर होती. दोघे सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते. बायकोच्या हातात लाकडी चमचा होता.

"आम्ही समुपदेशकाकडे जातो," ती म्हणाली. "ज्याच्या हातात चमचा, त्यानंच बोलायचं. दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. काय फरक पडलाय म्हणून सांगू."

नवऱ्याने मनापासून मान डोलावली. चमचा नसल्यामुळे त्याला एवढेच करता येत होते.

घड्याळजींनी आडून आडून सुरुवात केली, पण आडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शेवटी त्यांनी चमचा मागून घेतला आणि कांद्यापासून ताईंपर्यंत सगळे सांगून टाकले.

चमचा नवऱ्याकडे गेला. "म्हणजे आमचं सगळं खाली ऐकू येत होतं?"

घड्याळजींनी चमचा परत घेतला. "सगळं नाही हो. कांदा चरचरायचा, तेवढं सुटायचं."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करून चमचा घेतला. मग म्हणाल्या, "मला ऐकून बरं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं अगदीच वाया गेली नाहीत."

उद्या दुपारी चमचा बाजूला ठेवून, फक्त शेजारधर्म म्हणून, शेवटचे एक भांडण करायचे ठरले.

रविवारी घड्याळजींनी एक गजराचे घड्याळ अचूक लावून मिठाच्या बरणीशेजारी ठेवले. ताई ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांच्या हातात एक भलीमोठी रिकामी पिशवी होती. ती त्यांनी घडी न करता खुर्चीवर ठेवली. पातेले मावेल अशीच ती होती.

"पुन्हा ओला टॉवेल!" वरून आवाज आला.

बायकोने कांदा टाकला. घड्याळजींनी काट्याकडे बघितले. सगळे सुरळीत चालले होते. कांदा लाल झाला. पण वरचे पुढे सरकेनात. नवरा म्हणत होता, "आता तुझ्या आईबद्दल बोलायचं तर, म्हणजे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे..."

"आदर नको," बायको चिकनचे भांडे धरून कुजबुजली. "कांदा करपतोय."

घड्याळजींनी झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोसे दिले. वरून आवाज आला, "लग्नात तुझ्या आईनं माझ्या मामांना शेवटच्या पंगतीला बसवलं!" बायकोने चिकन टाकले, पाणी ओतले आणि झाकण ठेवले.

बाहेरच्या खोलीत ताई उठून उभ्या राहिल्या.

"रविवारी दुपारी हे असलं? कुणी काही बोलत नाही का यांना?"

"ताई, अगं बस. तरुण माणसं आहेत. होतं कधी कधी."

"मी जन्मभर हेच काम केलंय," ताई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

घड्याळजी पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ताईंना अडवणे त्यांना लहानपणीही जमले नव्हते. वर बेल वाजली. मग भांडण नाही, दार आपटणे नाही, काहीच नाही. सबंध इमारतीत फक्त चिकन खदखदत होते.

थोड्या वेळाने ताई खाली आल्या. त्यांच्या हातात लाकडी चमचा होता.

"चांगली आहेत रे दोघं. दाराशी हा चमचा पडला होता, तो उचलून मी बोलायला लागले, तर मध्ये एक अक्षर नाही काढलं. वाचनालयात अशी माणसं आली असती तर."

त्यांच्या मागोमाग वरचा आणि त्याची बायको आत आले. दोघे तोंड मिटून ताईंच्या हाताकडे बोटे दाखवत होते.

"काय हवंय?" ताईंनी विचारले. दोघांनी नुसत्याच माना हलवल्या. "गप्पच बसायचं असेल तर बसा बापडे." दोघे सोफ्यावर बसले. नियम म्हणजे नियम.

स्वयंपाकघरात बायकोने घड्याळजींच्या बाहीला धरून ओढले. "आता दार कोण आपटणार?"

"थांब, मी घड्याळ बघतो."

"काय बघणार? किती वेळ ठेवायचं ते माहीत आहे का? ताईंना एक अडवता आलं नाही तुम्हाला."

"तुला आलं असतं अडवता? आणि मुळात हे भांडणावर शिजवण्याचं खूळ कुणाचं?"

"खूळ? पलंगावर झोपावं तर स्प्रिंगा टोचतात, साखरेच्या डब्यात स्क्रू निघतात, घरात घड्याळांना बसायला जागा आहे, मला नाही. आणि खूळ माझं?"

"तुझ्या भावाचं घड्याळ मी तीनदा फुकट दुरुस्त केलंय, ते विसरू नकोस."

"माझ्या भावाचं नाव काढू नका. तुम्ही दुरुस्त केल्यापासून तो सगळीकडे उशिरा पोचतो."

आवाज चढत गेले. बाहेर ताईंचा हात सवयीने ओठांवर बोट ठेवायला उठला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. त्या कान देऊन ऐकू लागल्या.

बायको तरातरा निघाली. जाता जाता तिने गॅस बारीक केला, मग खोलीत जाऊन दार आपटले. ते इतक्या जोरात की भिंतीवरची घड्याळे हादरली आणि त्यांतली दोन, ज्यांच्यापुढे घड्याळजींनी हात टेकले होते, ती टकटक करू लागली.

घड्याळजी बंद दारापाशी उभे राहिले. घड्याळ, ताई, पातेले, यांतले काही त्यांच्या डोक्यात नव्हते.

"अगं, इतकी वर्षं मला सांगायचं तरी."

"तुम्ही कधी विचारलंत?" आतून आवाज आला. "जेवताना डोळ्याला भिंग. दर रविवारी माझ्या जिवाला घोर, आज भांडतात की नाही, आणि तुम्ही नुसतं म्हणणार, छान झालंय."

"मला वाटलं, तुझ्या हाताला आपोआप कळतं."

"हाताला काय कळतंय? हाताला भाजतं."

घड्याळजी दारापाशी जमिनीवर बसले. साखरेच्या डब्याबद्दल चुकलो म्हणाले. पलंगाबद्दल चुकलो म्हणाले. भावाच्या घड्याळात जुनी स्प्रिंग बसवली होती, हेही कबूल केले. बराच वेळ ते एकेक आठवून सांगत राहिले. शेवटी कडी निघाली. बायकोने बाहेर पाहिले. नवरा जमिनीवर, कपाळावर चढवलेल्या भिंगासकट. पलीकडे सोफ्यावर दोन माणसे तोंडे मिटून, आणि त्यांच्यासमोर ताई, चमचा सरळ उभा धरून. तेवढ्यात लाकडी पक्षी बाहेर आला आणि या खेपेला घसा फाडून ओरडला. बायकोला हसू आवरेना. घड्याळजीही हसू लागले. हसत हसतच ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅस बंद केला.

तेव्हा कुठे घड्याळजींना गजराच्या घड्याळाची आठवण झाली. ते अगदी बरोबर चालले होते. बघायलाच कुणी नव्हते.

झाकण ताईंनी उघडले. वाफ वर आली आणि त्या जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग पानावर बसून त्यांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याला चमचा ताटावर चक्क वाजला.

"हे आईच्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

बायकोने घड्याळजींकडे बघितले. घड्याळजींनी मिठाकडे बघितले.

"भांडलो," ते म्हणाले.

ताईंनी मान हलवली. "आई-बाबा दर रविवारी भांडायचे. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. बाबा दाराबाहेर बसायचे, तुझ्यासारखेच. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात शांतता ठेवीन." त्यांनी रस्सा ओढून घेतला. "ठेवली. चिकन कोरडं का होतं, ते आज कळलं."

मग त्यांनी पिशवीची घडी केली आणि लाकडी चमचा डॉक्टरीणबाईंना परत दिला. बाईंनी मोठा श्वास घेतला आणि विचारले, "आम्ही जेवायला थांबलो तर चालेल का?"

बुधवारी दुपारी घड्याळजी जेवायला घरी आले होते, तेव्हा फोन वाजला.

"वाचनालयातल्या जुन्या मैत्रिणी जेवायला यायच्यात, चिकन करतेय," ताई म्हणाल्या. "फोन त्या मिठाच्या बरणीला टेकवून ठेव आणि स्पीकर चालू कर. तुझी बायको आहे ना समोर?"

"आहे. का?"

"मग करा सुरुवात. साखरेच्या डब्यापासून."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. बायकोने डबा उघडला. आत स्क्रू होता.

"हे काय आहे?" तिने विचारले, आणि तिला ते खरोखरच विचारायचे होते.

"अगं, ठेवू कुठे? या घरात..."

"अरे," फोनमधून ताईंचा आवाज आला, "जरा मोठ्यानं. आणि सावकाश भांडा, माझा गॅस बारीक आहे."