पंख्यातली भीमाबाई

तांदूळ निवडताना भीमाबाई ओठ मिटून गुणगुणायची. शब्द आतच राहायचे, बाहेर यायचा तो नुसता सूर. पाण्याखालून कुणी हाक मारावी तसा. कधी ओठ उघडलेच, तर दोन ओळी सुटायच्या :

दारावरनं माझ्या बाई, कोण सावलीनं गेलं
हाक मारू कशी तिला, नाव ओठांतच मेलं

ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. आणि तिचा मुलगा चांगदेव यानं तोच सूर ऐकला तो भर दुपारी, कळव्याच्या आपल्या खोलीत, कॉम्प्युटरच्या डब्यातून.

हा कॉम्प्युटर आणला तेव्हा चांगदेव चाळभर सांगत फिरला होता, "ठाण्यापासून कल्याणपर्यंत विचारा. लग्नाच्या कॅसेटवर नवरानवरीची नावं सोन्याची होऊन गरगर फिरणार, ती फक्त माझ्याकडं." त्यासाठी त्यानं मुंबईहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. चित्रं फिरवता फिरवता कार्ड तापायचं, म्हणून त्याच्या पाठीवर पंखा. पंखा काजळाच्या डबीएवढा, आवाज पिठाच्या गिरणीएवढा.

खोली एकच. मधे पडदा, पडद्यापलीकडं त्याचे वडील आबा यांची खाट.

रंभानं, चांगदेवच्या बायकोनं, पडदा सारून विचारलं, "आबा, या आवाजाचा त्रास होतो ना?"

आबांनी सावकाश मान हलवली. होतो.

"बघा. स्वतःहून कधी बोलायचे नाहीत," ती नवऱ्याकडं वळली. "हे असंच राहिलं तर मी त्यांना शहाडला तुमच्या बहिणीकडं, चित्राताईंकडं नेऊन ठेवीन. म्हाताऱ्या माणसाला काय दळून घ्यायचंय?"

आईमागं बापाला घराबाहेर काढायचं? लोक बोलतील ते राहू दे, आबांचं खोकणं ऐकल्याशिवाय चांगदेवला स्वतःलाच झोप लागत नसे. त्यानं पंख्याच्या वायरीत छोटा रेग्युलेटर बसवला. "आता बघ. मांजर घोरल्याएवढासुद्धा आवाज यायचा नाही."

बटण अर्ध्यावर आलं. गिरणी थांबली, आणि तांदूळ निवडणं सुरू झालं.

रंभाच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "अहो... सासूबाई?"

"काहीतरीच. आपण भुताखेतांना मानत नाही," चांगदेव म्हणाला. याच विषयावर त्यानं चाळीत भाषणही ठोकलं होतं. पण आज त्याचाच आवाज खाली गेला. तो सूर चढायचा, मोडायचा, मधेच श्वास घ्यायला थांबायचा. पंख्याला श्वास कशाला लागतो?

तो पडद्यापलीकडं गेला. आबा भिंतीकडं बघत बसले होते. त्यानं समोर जाऊन विचारलं, "आबा, आई ऐकू येतेय का तुम्हाला?"

आबांनी मुलाच्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. येतेय.

आबांनीच साक्ष दिल्यावर भूत कायदेशीर झालं. चांगदेवनं घाईघाईनं बटण आणखी खाली ओढलं. सूर बुडाला. खोली इतकी गप्प झाली की खाडीवरचा वारा पडद्याशी काय कुजबुजतो तेही कळावं.

नेमका तेव्हाच शिवराम आला, आपल्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेटचं काम बघायला.

स्क्रीनवर सोन्याची अक्षरं फिरली. त्यांच्यामागून नवरी आली, हसली. हसता हसता तिचा एक डोळा गालावरून घरंगळत हनुवटीपाशी गेला. दातांच्या जागी हिरव्या पट्ट्या उगवल्या. कपाळ ओल्या कागदासारखं उलगडत गेलं आणि त्यामागून दुसरंच कुणीतरी, बिनचेहऱ्याचं, पुढं सरकलं.

"माझी पोरगी जिवंत आहे रे," शिवराम कसाबसा म्हणाला. "सकाळी पोहे खाऊन गेलीय."

"कार्ड तापलंय, काका. पंखा हळू केलाय ना, म्हणून."

"मग जोरात कर की. पोरीला कशाला भाजतोस?"

"जोरात केला तर आबांना झोप नाही."

"मग मधोमध ठेव."

"मधोमध आमची आई आहे."

शिवरामनं चपला हातात घेतल्या. "उद्या दुपारपर्यंत पोरीचा चेहरा जागेवर पाहिजे. नाहीतर मी काम दुसऱ्याला देतो," म्हणत तो अनवाणीच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेवनं बटण पूर्ण वर नेलं. गिरणी सुरू झाली. रंभा आबांसमोर बसली. "आबा, थोडे दिवस शहाडला जाल का?"

आबांनी मान हलवली. जाईन.

तिनं पिशवी भरली. दोन सदरे, खोकल्याची बाटली, भीमाबाईचा फोटो. आबा खिडकीशी पाठमोरे उभे होते. "मनापासून जाताय ना, आबा?" चांगदेवनं विचारलं. आबा वळलेसुद्धा नाहीत.

मग ते आपणहून वळले, पिशवीकडं बघितलं. "कोण चाललंय?"

"तुम्ही, आबा. तुम्हीच हो म्हणालात."

आबांनी त्याच्या ओठांवरची नजर काढली आणि खाटेवर टेकले. "मी सगळ्यालाच हो म्हणतो. ऐकू येत नाही मला. तुझी आई होती तेव्हापासनं. ओठ थांबले की मान हलवायची, एवढंच येतं. बहिरा म्हातारा कुणाला हवा असतो, म्हणून बोललो नाही."

हातभर अंतरावर गिरणी गरगरत होती. चांगदेवनं पिशवीतला फोटो काढून आबांपुढं धरला आणि स्वतःच्या कानाला हात लावला. म्हणजे ही पण ऐकू आली नव्हती?

आबांनी फोटो मांडीवर घेतला.

"दवाखान्यात शेवटी तिनं माझा हात धरला, बराच वेळ काहीतरी बोलली. मी हो म्हटलं. ती हसली, नि डोळे मिटले." काचेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "कशाला हो म्हटलं, कोण जाणे. पण अजून विचारायला आली नाही, म्हणजे फार मोठं काही नसावं."